टेपवर एक, डोळ्यांत दुसरंच

पत्र :

"नौपाड्यात माझं ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं दुकान आहे. लग्नाआधीपासून मापं घेतेय, त्यामुळे बाई पायरी चढून आत आली की तिचं छातीचं माप मी इंचभराच्या फरकाने सांगू शकते. पण बायकांना स्वतःचं माप सांगता येत नाही, याचं मला कायम नवल वाटतं. बारीक असते ती म्हणते, 'काकू, मला मोठं लागेल.' अंगाने भरलेली असते ती म्हणते, 'इतकं नाही हो, टेप सैल धरलीत तुम्ही.' आजवर हे सोडून द्यायचे. आता तेच माझ्या घरात सुरू झालंय.

माझी मुलगी सतरा वर्षांची, बारावी सायन्सला आहे. दिवाळीनंतर तिने जेवण कमी केलं. 'मी किती जाड आहे' हे दिवसातून चार वेळा ऐकू येतं. तिची मापं माझ्याकडे आहेत. ती जाड नाही, उलट गेल्या वर्षीचे ड्रेस दोन्ही बाजूंनी आत घ्यावे लागले. तिला पटावं म्हणून मी दर रविवारी तिचं माप घेऊन वहीत लिहायला लागले आणि तिला दाखवायला लागले. ती म्हणते, 'आई, टेपला काय कळतं?' मागच्या रविवारी रडली आणि यापुढे माप देणार नाही म्हणाली. दादरला क्लासला जाते. येताना लोकलमध्ये कुणी सरकून चौथी सीट दिली तरी बसत नाही, ठाण्यापर्यंत उभी येते. म्हणते, 'मी बसले तर त्या तिघींना त्रास होईल.'

तिच्या डोळ्यांत काही दोष आहे का? माणसाला स्वतःचं अंग किती बरोबर दिसतं, हे मोजायचं काही यंत्र असतं का? असेल तर तिला दाखवून पटवता येईल. की ही वयाची थेरं आहेत, लक्षच द्यायचं नाही?"

— एक आई, ठाणे

उत्तर :

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. ही थेरं नाहीत. लक्ष द्यायचंच, आणि उशीर न करता द्यायचं. दुसरं, येत्या रविवारी माप घेऊ नका. ती वही बंद करा. तुमचा सगळा जन्म मापं घेण्यात गेलाय, तुम्हाला नुसतं 'असं करा' सांगून भागणार नाही, म्हणून कारणं सविस्तर देते. तुम्ही विचारलेला प्रश्न फार नेमका आहे. मानसशास्त्रातल्या माणसांनी त्यावर साठ वर्षांहून अधिक काळ घालवला आहे आणि त्यांच्या हाती जे लागलं ते तुमच्या लेकीच्या थेट उपयोगाचं आहे.

यंत्र असतं का? हो. एक नाही, बरीच झाली. १९६४ साली अमेरिकेत ट्राउब आणि ऑरबाख यांनी वाकवता येणारा पूर्ण उंचीचा आरसा तयार केला. माणसाला समोर उभं करायचं आणि आरसा कमीजास्त वाकवत 'आता मी जसा आहे तसा दिसतो' असं वाटेपर्यंत त्यालाच जुळवायला सांगायचं. १९६९ मध्ये ग्लक्समन आणि हिर्श यांनी हेच फोटोवर केलं. एका खास भिंगातून स्वतःचाच फोटो आडवा ताणता किंवा आवळता येत होता. त्यांनी तो प्रयोग वजन खूप उतरवलेल्या लठ्ठ माणसांवर केला आणि दिसलं असं, की अंगावरचं वजन उतरलं तरी ही माणसं स्वतःला आधीसारखीच मोठी समजत होती. तुमच्याकडे वजन उतरवून आलेली बाई मोठं माप सांगते, त्याच्या मुळाशी हेच असावं. शरीर बदलतं तेव्हा मनातलं चित्र त्याच्याबरोबर लगेच बदलत नाही.

सगळ्यात गाजलेला प्रयोग १९७३ चा, इंग्लंडमधल्या स्लेड आणि रसेल यांचा. त्यांची रीत तुम्हाला आवडेल, कारण ती शिंप्याच्या कामासारखीच आहे. अंधाऱ्या खोलीत एका आडव्या पट्टीवर दोन दिवे, मागेपुढे सरकवता येणारे. मुलीने सांगायचं, 'माझी कंबर एवढी रुंद आहे,' आणि दिव्यांमधलं अंतर तेवढं करून घ्यायचं. मग चेहरा, छाती, नितंब. त्यानंतर तिची खरी रुंदी मोजायची. अंदाज भागिले खरं माप गुणिले शंभर. उत्तर १०० आलं तर अंदाज तंतोतंत, १२० आलं तर वीस टक्के जास्त. त्यांच्याकडच्या मुली अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसाच्या होत्या. म्हणजे खाणं इतकं तोडलेल्या, की अंगाची हाडं दिसावीत, आणि तरी 'जाड होईन' या भीतीने ग्रासलेल्या. त्यांनी स्वतःच्या अंगाची रुंदी चतुर्थांशाहून अधिक वाढवून सांगितली. पण त्याच मुलींना लाकडी ठोकळ्यांची रुंदी विचारली, तेव्हा त्यांनी ती ठीक सांगितली.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: डोळ्यांत दोष नाही. ठोकळा बरोबर दिसतो, तर डोळा चांगला आहे. चूक होते ती फक्त स्वतःच्या अंगाशी आल्यावर.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या मुलींवर उपचार झाले, त्या खायला लागल्या, वजन वाढलं, तसतसा त्यांचा अंदाजही खऱ्या मापाच्या जवळ आला. आधी पटवायचं आणि पटल्यावर ती जेवेल, असा तुमचा बेत आहे. पण या मुलींच्या बाबतीत क्रम उलटा दिसला. आधी पोटात अन्न गेलं, मग नजर सुधारली.

आता इथे थांबले तर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. पुढच्या वर्षांत इतरांनी हे प्रयोग पुन्हा केले तेव्हा चित्र बरंच गुंतागुंतीचं निघालं. आजारी नसलेल्या, चांगलं खाणाऱ्यापिणाऱ्या बायकाही स्वतःची रुंदी जास्त सांगतात, हे दिसलं. एकेका भागाची रुंदी विचारली तर चूक मोठी येते, सगळं शरीर एकदम दाखवून विचारलं तर लहान येते. आणि मग एक गोष्ट ध्यानात आली, जी मी तुमच्यासमोर मुद्दाम ठेवते. 'विचार करून सांग, तू किती रुंद आहेस?' असं विचारलं तर एक उत्तर येतं. 'तुला आतून कसं वाटतं, तू किती रुंद आहेस?' असं विचारलं तर त्याच बाईकडून मोठा आकडा येतो. माणूस तेच, दिवे तेच, खोली तीच. बदलला तो फक्त प्रश्न.

१९९७ मध्ये कॅश आणि डीगल यांनी तोवरचे असे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. खाण्याच्या आजारांतल्या बायका आणि इतर बायका यांच्यात नजरेच्या चुकीचा फरक होताच. पण स्वतःच्या शरीराबद्दल नाराजी किती, यातला फरक त्याहून मोठा निघाला. तुमची लेक 'मी जाड आहे' म्हणते तेव्हा ती माप सांगत नाही, यातना सांगते. आणि तुम्ही तिला उत्तर देता इंचांत. म्हणून ती रडली.

अलीकडे हे संगणकावर मोजतात. मुलीचं त्रिमितीय चित्र तयार करून त्याच चित्राच्या किंचित बारीक, किंचित जाड अशा कितीतरी प्रती एकामागून एक दाखवतात आणि प्रत्येक वेळी एवढंच विचारतात, 'ही तुझ्यापेक्षा जाड की बारीक?' शंभरेक उत्तरं गोळा झाली की त्यांतून दोन निरनिराळ्या गोष्टी वेगळ्या काढता येतात. वाण्याच्या तराजूचं बघा. तराजूला पासंग असेल तर प्रत्येक वेळी एकाच बाजूला तेवढाच फरक येतो. दुसरा तराजू पासंग नसलेला, पण बोजड. पाच-दहा ग्रॅम टाकले तर काटा हलतच नाही. या दोन चुका वेगळ्या आहेत आणि दोन्हींचा इलाज वेगळा. माणसाच्या स्वतःबद्दलच्या अंदाजातही पासंग वेगळा आणि बोजडपणा वेगळा. जुन्या दिव्यांच्या प्रयोगात दोन्ही एकत्र मिसळून यायचे.

तुमच्या दुकानातलं कोडं यातूनच उलगडतं. बारीक बाई जास्त सांगते आणि जाड बाई कमी सांगते, याचं कारण सगळ्यांच्याच मनात 'साधारण बाई' किती असते याचं एक चित्र असतं, आणि खात्री नसली की अंदाज त्या चित्राकडे ओढला जातो. इंग्लंडमध्ये कॉर्नेलिसन, टोव्हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट दाखवलं आहे. त्यात आजार नाही, लबाडी नाही. शिवाय वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात सांगितलेला नियम इथेही लागू पडतो: वस्तू जितकी मोठी, तितका फरक कळायला तो मोठा असावा लागतो. २८ च्या कंबरेत दोन इंच वाढले तर डोळ्याला लगेच जाणवतं, ४२ च्या कंबरेत तेच दोन इंच नजरेतून निसटतात. 'टेप सैल धरलीत' म्हणणाऱ्या तुमच्या गिऱ्हाइकांना ते दोन इंच खरंच दिसलेले नसतात. त्यांच्याशी वाद घालू नका. माप मोठ्याने उच्चारू नका, वहीत लिहा, आणि शिलाईत मार्जिन जास्त सोडा. 'वजन वाढलं का हो?' हा प्रश्न तर दुकानात कुणालाच नको, विशेषतः मुलगी मागे पाटावर बसून अभ्यास करत असेल तेव्हा.

आणि हो, मॉलमधल्या कपड्यांवरचे एम, एल, एक्सएल यांना माप समजू नका. एका ब्रँडचा एम दुसऱ्याचा एल असतो. भारतीय शरीरांसाठी स्वतःचं असं साइझचं कोष्टकच आपल्याकडे नव्हतं. त्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांत मिळून सुमारे २५ हजार माणसांची स्कॅनरने मापं घेण्याचा 'इंडियासाइझ' प्रकल्प हाती घेतला. तोवर 'मला एक्सएल लागला' म्हणून रात्रभर रडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

तुम्हाला स्वतःला हे करून बघायचं असेल तर दुकानातल्या मदतनीस बायकांना घेऊन करा. (मुलीवर नको. का ते पुढे सांगते.) शिवायच्या दोऱ्याऐवजी जाड सुतळी घ्या. प्रत्येकीने टेप न लावता, आपल्या कंबरेभोवती बसेल एवढं वर्तुळ त्या सुतळीचं जमिनीवर करायचं. मग टेपने ते आणि कंबर दोन्ही मोजायचं. बहुतेकींचं वर्तुळ मोठं निघेल. पण लगेच निष्कर्ष काढू नका. कंबर गोल नसते, लंबगोल असते, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. समोरून दिसणारी रुंदी धरून गोल वर्तुळ केलं, तर ते मोठंच येणार. म्हणून दुकानातल्या पुतळ्याच्या कमरेचंही वर्तुळ त्याच बायकांकडून करून घ्या. पुतळ्याच्या बाबतीत झालेली चूक ही डोळ्याची आणि भूमितीची. स्वतःच्या बाबतीत त्याहून जी जास्तीची चूक झाली, तेवढीच 'स्वतःबद्दलची'. स्लेड आणि रसेल यांनी लाकडी ठोकळे का ठेवले होते, ते यावरून कळेल.

आरशाचंही करून बघा. दुकानातल्या आरशासमोर हातभर अंतरावर उभ्या राहा, एक डोळा मिटा, आणि आरशाच्या काचेवर आपल्या चेहऱ्याच्या कडेने ओल्या साबणाने रेघ ओढा. मग ती मोजा. चेहऱ्याच्या बरोबर अर्धी भरेल. मागे सरकून पुन्हा केलं तरी अर्धीच, कारण आरशातली आपली प्रतिमा काचेच्या जेवढी पलीकडे, तेवढेच आपण अलीकडे असतो. रोज आरसा बघणाऱ्या माणसाला आधी विचारलं तर तो 'चेहऱ्याएवढी' म्हणतो. जन्मभर आरशात बघूनही आपण तिथलं माप वाचत नाही, आपल्याला माहीत असलेलं चित्र वाचतो. तुमची लेक आरशासमोर तासभर उभी राहून 'नीट बघते' म्हणत असेल, तर त्या बघण्यातून तिला खरं माप सापडणार नाही.

इतकंच काय, स्वतःच्या हाताचंही चित्र आपल्या मेंदूत वाकडं असतं. लंडनमध्ये लाँगो आणि हॅगार्ड यांनी २०१० मध्ये लोकांचा हात एका फळीखाली झाकून, 'बोटाचं टोक कुठे आहे, सांधा कुठे आहे' हे वरून काठीने दाखवायला सांगितलं. धडधाकट माणसांनी दाखवलेल्या खुणा जोडल्या तर हात आहे त्यापेक्षा रुंद आणि बोटं आखूड निघाली. सगळ्यांचीच. तेव्हा स्वतःचं शरीर चुकीचं जाणवणं हा काही तुमच्या मुलीचा एकटीचा दोष नाही.

आता चौथ्या सीटबद्दल. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ तीच. २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये आनूक कायझर आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांना आणि निरोगी बायकांना दारासारख्या फटींतून चालायला लावलं. फट कधी रुंद, कधी अरुंद. आपलं काय तपासलं जातंय हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. आपण सगळेच अरुंद जागेतून जाताना खांदा तिरका करतो, न ठरवता. निरोगी बायका फट खांद्यांपेक्षा २५ टक्के रुंद असेपर्यंत सरळ गेल्या, त्याहून अरुंद झाली की तिरक्या झाल्या. आजारी मुली ४० टक्के रुंद असतानाच तिरक्या व्हायला लागल्या. तुमच्या भाषेत सांगायचं तर खांदे १६ इंच धरले, तर एकीला २० इंचांत सरळ जाता येतं आणि दुसरीला साधारण साडेबावीस इंच लागतात. म्हणजे हे केवळ बोलण्यापुरतं नसतं. अंग हलवतानाही, न विचार करता, ती स्वतःला मोठी समजून हलत असते. तुमची लेक उभी राहते तेव्हा ती नाटक करत नाही. तिघींच्या शेजारची ती जागा तिला खरंच अपुरी भासत असणार.

मला तिला न भेटता आजाराचं नाव द्यायचं नाही, आणि तुम्हीही घरात ते नाव उच्चारू नका. पण वाढीच्या वयात कपडे दोन्ही बाजूंनी आत घ्यावे लागतात, जेवण कमी झालंय, दिवसभर डोक्यात हाच विषय आहे आणि ती गर्दीत अंग चोरून उभी राहते, हे एवढं मला पुरेसं वाटतं. याच महिन्यात डॉक्टरांना दाखवा.

वहीबद्दल. वारंवार मोजणं, मनगटाला बोटांचा वेढा घालून बघणं, पोट चिमटीत धरणं, आरशात कडेने बघणं, या सगळ्याने धास्ती कमी होत नाही, वाढते. प्रत्येक मोजण्यातून मनाला एकच निरोप जातो, की हे मोजत राहण्याइतकं महत्त्वाचं आहे. तुम्ही प्रेमाने केलंत, पण रविवारच्या मापाने तेच केलं. माप कमी आलं तर तिला यश वाटणार, वाढलं तर संकट. तुमच्या हातातल्या टेपला तिच्या घरात यापुढे हे काम देऊ नका. वजनकाटा बाहेर असेल तर कपाटात ठेवा. डॉक्टर वजन घेतील तेवढं पुरे.

तिचे कपडे शिवायचेच असतील तर टेप लावू नका. तिला म्हणा, 'तुला जो ड्रेस घालायला बरा वाटतो तो मापाला दे.' मापाच्या कपड्यावरून शिवणं तुमच्या हातचा मळ आहे. तो ड्रेस ढगळ असला तरी ढगळच शिवा, 'यात तू बुजगावण्यासारखी दिसतेस' म्हणू नका. आणि जे जुने कपडे आता होत नाहीत किंवा सैल झालेत ते तिच्या कपाटातून काढून ठेवा, म्हणजे सकाळी कॉलेजला निघताना स्वतःला ताडून बघायला समोर काही राहणार नाही.

ती 'मी जाड आहे' म्हणाली की 'नाही गं, कुठे?' हे उत्तर आईच्या तोंडून आपोआप येतं. ते गिळा. त्याने पुन्हा मापावरच वाद सुरू होतो आणि त्या वादात तुम्ही कधीच जिंकणार नाही, कारण टेपवर तिचा विश्वास उरलेला नाही. त्याऐवजी म्हणा, 'आज फार त्रास होतोय का तुला? काय झालं आज?' कॉलेजात कुणी काही बोललं असेल, परीक्षेची धास्ती असेल, एखादा फोटो कुणी ग्रुपवर टाकला असेल. त्या दिवशी अंग दोन इंचांनी वाढलेलं नसतं, त्रास वाढलेला असतो. आणि घरात कुणाच्याच अंगावर, तुमच्या स्वतःच्याही, बोलणं बंद. 'माझं पोट बघ किती सुटलंय' हेसुद्धा नको. आत्या-मावशींनाही फोन करून सांगून ठेवा.

मोबाइलबद्दल भांडू नका, पण हे तिला शांतपणे सांगता येईल: बारीक शरीरांची चित्रं थोडा वेळ सलग बघितली तरी नंतर साधं शरीर डोळ्याला मोठं दिसायला लागतं. प्रयोगशाळेत हे मिनिटांत घडताना दिसलं आहे. हा इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, बघण्याची रीतच तशी आहे. तिला सायन्स आवडत असेल तर कदाचित हे पटेल, कारण यात तिच्यावर आरोप नाही. ऑनलाइन 'स्वतःला ओळखा' म्हणून नऊ चित्रांची जी ओळ फिरते, तीही तिने केली असेल. ती चित्रं स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांच्या १९८३ च्या अभ्यासातल्या ओळीसारखी असतात. 'मी आत्ता कुठली' आणि 'मला कुठली व्हायचंय' यांतलं अंतर नाराजी मोजतं, नजर बरोबर की चूक हे मोजत नाही. १९८५ मध्ये फॅलन आणि रोझिन यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना तीच चित्रं दाखवली तेव्हा 'मुलांना कुठली आवडते?' याला मुलींनी दिलेलं उत्तर, मुलांनी स्वतः निवडलेल्या चित्रापेक्षा बारीक होतं. म्हणजे दुसऱ्याच्या नजरेचा अंदाजही चुकतो. ही गोष्ट तिच्या कानावर सहज घाला, उपदेश म्हणून नको.

जेवणाचं सगळ्यात अवघड आहे आणि तिथेच तुमची खरी गरज आहे. या वयाच्या मुलींसाठी जो उपचार सगळ्यात जास्त उपयोगी ठरला आहे, त्यात आईवडिलांना बाजूला काढत नाहीत, काही काळ जेवणाची सूत्रं त्यांच्याच हाती देतात. लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये ही पद्धत रुजली. पानात काय आणि किती हे आई ठरवते, कुणीतरी सोबत बसतं, पानावर कॅलरीची चर्चा होत नाही, भांडण होत नाही, आणि पान अर्धवट राहिलं तर शांतपणे, ठामपणे पुन्हा पुढे केलं जातं. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं असतं, पण सगळ्यांनी मिळून एक वेळ एकत्र जेवायला आजपासून हरकत नाही. दुकान साडेनऊला बंद होत असेल तर काही दिवस आठला करा. वरणभात, भाजी, पोळी, जे घरी बनतं तेच. तिच्यासाठी वेगळं 'डाएटचं' ताट करू नका.

दाखवायचं कुणाला? आधी बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन. नाडी, रक्तदाब, वजन-उंची, रक्ताची तपासणी होऊ द्या, त्यात पोटॅशियम असू द्या, कारण कुणी लपून उलट्या करत असेल तर ते घसरतं आणि हृदयावर ताण येतो. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) काढून मोठ्या माणसांच्या तक्त्यात बघू नका. सतरा वर्षांच्या मुलीसाठी भारतीय बालरोग संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत, ते डॉक्टर बघतील. तिची आधीची उंची-वजनं कुठे लिहिलेली असतील, शाळेच्या कार्डावर किंवा जुन्या फाइलीत, तर ती शोधून न्या. 'अजून फार बारीक नाहीये' म्हणून कुणी परत पाठवलं तर तेवढ्यावर समाधान मानू नका. किती उतरलं आणि किती झपाट्याने उतरलं, हे जास्त महत्त्वाचं असतं. मग मानसोपचारतज्ज्ञ. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. 'मनोरुग्णालय' या नावाने नातेवाईक दचकतील, त्यांना दचकू द्या. रात्री-अपरात्री तुम्हाला स्वतःलाच कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी, मोफत नंबर आहे. मराठीत बोलता येतं.

थांबायचं नाही अशा खुणा: चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड किंवा दुखणं, पाणीही नाकारणं, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं. यांतलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत न्या. पाळी चुकत असेल, सतत थंडी वाजत असेल, जेवल्याजेवल्या बाथरूममध्ये जात असेल, दार लावून व्यायाम करत असेल, तर हे सगळं कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या, तिच्यासमोर वाचून दाखवू नका.

आणि पहिल्या भेटीत थोडा वेळ तुम्ही बाहेर बाकावर बसा. तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या.